मधल्या एक्सलचा पाटा: विजयपूर रस्त्यावर अडलेल्या ट्रेलरचं प्रकरण

सोलापूर–विजयपूर रस्त्यावर तेरा मैलच्या अलीकडे पोलादी कॉइल भरलेला एक ट्रेलर परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने थांबवला. कागद पूर्ण होते. वजन मर्यादेत होतं. पासिंगला अजून बरेच महिने बाकी होते. तरीही गाडी पुढे सोडली नाही, कारण ट्रेलरच्या मधल्या एक्सलचा डावीकडचा मेन पाटा, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगची मुख्य पोलादी पट्टी, तुटलेला होता आणि एक्सल जागेवरून सरकला होता.

सोलापुरातल्या काही छोट्या गाडीमालकांचे कागद आणि देखभालीच्या नोंदी मी सांभाळतो. ही गाडी त्यांतलीच, त्यामुळे थांबवल्याच्या फोनपासून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. मालक आणि ड्रायव्हर दोघांनाही विचारून लिहितोय. नावं आणि गाडीचा नंबर गाळले आहेत, बाकी काही गाळलेलं नाही. पाटा तुटणं ही ट्रेलरच्या धंद्यात रोजची गोष्ट आहे, म्हणूनच हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं. ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही अशा रोजच्या गोष्टीनेच इथे सगळ्यांना अडवलं.

गाडी आणि तिचं वजन

पुढे दोन एक्सलचा पुलर, म्हणजे ओढणारी इंजिनाची गाडी, मागे तीन एक्सलचा सेमी ट्रेलर. माल बळ्ळारीच्या बाजूचा, पोच चाकणला. होस्पेट, इलकल, विजयपूर करत गाडी भीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात येते. मग केगाव–हत्तूर बायपासने शहर टाळून पुण्याचा रस्ता धरते. या वाटेवर कॉइलचे ट्रेलर रात्रंदिवस चालू असतात.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार या प्रकारच्या गाडीला पुढच्या एक्सलवर ७ टन, पुलरच्या मागच्या चार टायरांच्या एक्सलवर ११.५ टन आणि ट्रेलरच्या तीन एक्सलवर मिळून २७ टन, असे एकूण ४५.५ टन चालतात. आधी हाच आकडा ४०.२ होता. ही गाडी नव्या मर्यादेतच नोंदलेली. निरीक्षकांनी काटा करायला सांगितल्यावर ड्रायव्हरने काही खळखळ केली नाही आणि ते फार बरं केलं. वजनाला नकार देणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वेगळा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला ४० हजारांचा दंड आहे. जादा माल सापडला तर २० हजार, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही, उतरवायचा खर्चही आपलाच. इथे काट्यावर गाडी मर्यादेच्या आत भरली. मालकाला फोनवर हे कळलं तेव्हा त्यांना वाटलं, सुटलो.

निरीक्षक मात्र काट्यावरून उतरलेल्या गाडीभोवती एकदा चालत फिरले. उजव्या बाजूला मधल्या आणि मागच्या टायरांमधल्या फटीत तळहात सहज आडवा जात होता. डाव्या बाजूला बोटंही जाईनात. एवढं पाहिल्यावर ते बॅटरी घेऊन खाली वाकले.

तडा काय सांगतो

ट्रेलरचं सस्पेन्शन ज्यांनी खालून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक एक्सलच्या दोन्ही बाजूंना पाट्यांचा एकेक सेट असतो. सर्वांत वरचा मेन पाटा. त्याची टोकं चासीला जोडलेल्या हँगरमध्ये आणि दोन एक्सलच्या मधल्या इक्वलायझरमध्ये बसतात. इक्वलायझर हा आडवा झुलणारा तुकडा. एक चाक खड्ड्यात गेलं तर तो झुकतो आणि वजन शेजारच्या एक्सलशी वाटून घेतो. पाट्यांचा सेट एक्सलला यू-बोल्टने आवळलेला असतो आणि पाटे आपसात सरकू नयेत म्हणून मधून एक सेंटर बोल्ट जातो. वजन पेलायचं काम पाट्यांचं. एक्सल पुढे-मागे न जाता काटकोनात धरून ठेवायचं काम टॉर्क रॉडचं, आणि त्या रॉडच्या दोन्ही टोकांना रबरी बुश.

या गाडीत मेन पाटा तुटला होता आणि त्याच बाजूच्या टॉर्क रॉडचा पुढचा बुश पार चुरा झाला होता. यातलं एकच काही झालं असतं तर गाडी कदाचित नुसती टायर खात राहिली असती. दोन्ही एकत्र झाल्याने एक्सलचं डावं टोक मागे सरकलं आणि टायर टायराला भिडायला आलं. अशा अवस्थेत टायर घासून पेटतो, किंवा ब्रेकची हवेची नळी ताणून निसटते. उतारावर, तीस टनांच्या आसपास कॉइल पाठीवर असताना, यातलं काय आधी होईल यावर पैज लावायला मी तयार नाही.

पाटा खोलल्यावर तुटलेलं तोंड मी स्वतः पाहिलं. त्याचे सरळ दोन रंग दिसत होते. जवळपास अर्धा भाग तांबूस-काळा, गंजलेला. उरलेला भाग करडा, चकचकीत, खरखरीत. पाटेवाले मिस्त्री हे बघूनच सांगतात की गंजलेला भाग जुन्या चिरेचा आणि चमकणारा भाग शेवटच्या झटक्याचा. पोलादाला थकवा येऊन चीर पडते ती एका धक्क्यात पडत नाही. भरलेल्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी पुढे जाते, तिच्यात पाणी शिरतं, गंज धरतो. उरलेल्या जाडीला वजन पेलवेनासं झालं की एके दिवशी पाटा मोडतो. म्हणजे हा पाटा त्या दिवशी तुटला हे खरं असलं तरी तो कितीतरी आधीपासून तुटत होता.

चीर सुरू कुठून झाली तेही दिसत होतं. आधीच्या एका फेरीत वाटेवरच्या गॅरेजमध्ये हँगरला वेल्डिंग मारताना पाट्याच्या टोकालाही टाका घातला होता. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि मला याची खरोखर चीड आहे. पाट्याचं पोलाद तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेला आणून तयार केलेलं असतं, त्याची लवचीकता असं पाणी दिल्यामुळेच असते. वेल्डिंगची आच लागली की टाक्याच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते. पाटा टाक्यावर मोडत नाही, टाक्याला लागून मोडतो. इथेही तो तसाच मोडला होता. हँगरला वेल्डिंग करावं लागतं हे मान्य, पण पाटा बाजूला काढून करावं लागतं, आणि त्याला दोन तास जास्त लागतात. ते दोन तास द्यायला कुणी तयार नसतं.

पासिंग आहे ना, मग?

मालकांचा पहिला प्रश्न हाच होता. गाडीचं पासिंग चालू आहे, मग अडवतात कसे?

हा प्रश्न मला सतत ऐकू येतो, म्हणून जरा थांबून उत्तर देतो. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी मिळतं, त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. हा ट्रेलर सहा वर्षांचा, म्हणजे दोन वर्षांच्या पासिंगवर. पासिंगच्या दिवशी पाटे चांगले होते, त्यात काही खोटं नव्हतं. पण भरलेल्या ट्रेलरचा पाटा दोन वर्षं कुणासाठी थांबत नाही. ते प्रमाणपत्र म्हणजे त्या दिवशी गाडी ठीक होती याचा दाखला. पुढच्या प्रत्येक दिवसाची जबाबदारी चालवणाऱ्याची आणि मालकाची असते.

कायदाही असाच लिहिलेला आहे. कलम १९० नुसार, रस्त्यावर इतरांना धोका होईल असा दोष असलेली गाडी किंवा ट्रेलर चालवणं हा गुन्हा आहे. त्यात ‘चालवणारा’ आहे, तसाच ‘चालवायला लावणारा’ आणि ‘चालवू देणारा’ही आहे. दोष माहीत होता की नाही एवढंच बघितलं जात नाही. साधारण काळजी घेतली असती तर तो कळला असता का, हेही बघितलं जातं. दंडाची कमाल २०१९ नंतर दीड हजार. पण त्याच दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याशिवाय कलम ५६ खाली गाडी नियमांत बसत नाही असं आढळलं तर कारणं नोंदवून योग्यता प्रमाणपत्र रद्द करता येतं, आणि कलम ५३ खाली गाडीची अवस्था लोकांना धोकादायक असेल तर नोंदणी निलंबित करता येते. म्हणजे पासिंगचा कागद दाखवून सुटका होणं दूरच, गाडी अशीच पुढे रेटली तर तो कागदच हातचा जाऊ शकतो.

आता गंजलेली चीर पुन्हा आठवा. साधारण काळजी घेतली असती तर दोष कळला असता का? चिरेतला गंजच साक्ष देतो की कळला असता. मी मालकांना तो पाटा दाखवून हेच म्हणालो. ते गप्प बसले.

निरीक्षकांचं वागणं या सगळ्यात सरळ होतं. डिजिलॉकरमधले कागद त्यांनी मान्य केले, दोषाची लेखी नोंद दिली, चलान केलं आणि दुरुस्ती करून गाडी दाखवा, मग पुढे न्या असं सांगितलं. त्यांनी फोटोही काढून ठेवले.

साखळी बांधून आणू का?

खरा पेच इथून पुढे सुरू झाला. शहर वीसेक किलोमीटरवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात ओळखीचे पाटेवाले मिस्त्री. मालकांचं म्हणणं, मधला एक्सल साखळीने वर बांधा, हळूहळू सोलापूरपर्यंत आणा, पुढचं इथे बघू. रिकामी गाडी असती तर निरीक्षकांना विचारून कदाचित जमलंही असतं. भरलेल्या गाडीला हे करता येत नाही, आणि का ते साध्या हिशोबात दिसतं. ट्रेलरच्या तीन एक्सलवर सव्वीस टन धरा. एक एक्सल उचलला की उरलेल्या दोघांवर तेरा-तेरा टन. दोन एक्सलच्या जोडीची मर्यादा २१ टन आहे. म्हणजे एकूण वजन मर्यादेत असूनही त्या दोन एक्सलवर पाच टन जास्त. शिवाय मधला एक्सल वर गेला की दोन्ही इक्वलायझर एका अंगाला झुकून अडकतात आणि वजन वाटायचं त्यांचं काम बंद पडतं. मोडलेला एक पाटा सांभाळायला आपण उरलेले चारही सेट मोडायला लावतो.

दुसरा विचार जागेवरच पाटा बदलायचा. मिस्त्री सेट घेऊन निघालेही होते. पण गाडी उभी होती रस्त्याच्या कडेच्या मुरमावर. मुरमात जॅक खचतो. तीन कॉइलचं वजन वर असताना चासी उचलून खाली घोडी लावून माणूस आत शिरणार, आणि शेजारून दुसरे ट्रेलर वारा घालत जाणार. ड्रायव्हर मामांनी ठाम नकार दिला. म्हणाले, “मालक, काय बी करा, पण भरल्या गाडीखाली मी कुणाला जाऊ द्यायचो नाय.” त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता आणि तो घेणाऱ्याच्या हातात निर्णयाचा अधिकार नव्हता, हे मला मुद्दाम नोंदवायचंय.

शेवटी ठरलं ते असं. निरीक्षकांना विचारून गाडी अगदी पावलापावलाने, पुढे माणूस चालत, जवळच्या वजनकाट्याच्या सिमेंट केलेल्या आवारात घेतली. हायड्रा, म्हणजे माल उचलायची क्रेन, मागवला, दुसरा ट्रेलर मागवला, कॉइल त्यात चढवल्या. माल निघून गेल्यावर रिकाम्या ट्रेलरचा पाटा आणि बुश तिथेच बदलून गाडी सोलापूरला आणली आणि उरलेलं काम गॅरेजात केलं.

यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे ई-वे बिल, मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढावा लागणारा ऑनलाइन कागद. माल दुसऱ्या गाडीत गेला की बिलाच्या दुसऱ्या भागात नव्या गाडीचा नंबर टाकावाच लागतो. नाहीतर पुढच्या तपासणीत माल एका गाडीत आणि कागद दुसऱ्या गाडीचा असं होतं आणि जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली माल अडकतो. मालाचा धनी पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड भरूनच तो सुटतो. मुदतीचंही बघावं लागतं. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. वाढवून घ्यायची तर मुदत संपण्याआधीच्या आठ तासांत किंवा संपल्यानंतरच्या आठ तासांत घ्यावी लागते, आणि गाडी बिघडणं हे त्यासाठी मान्य कारण आहे. रात्री नऊ वाजता मी आधी नंबर बदलला, मग मुदत वाढवली, मगच दुसरी गाडी हलली.

खर्चाचा तपशील सांगत बसत नाही. हायड्रा, दुसऱ्या गाडीचं भाडं, काट्याच्या आवाराचे पैसे, मिस्त्रींचं येणं-जाणं, पाटे, बुश, दोन खाल्लेली टायरं आणि पोचेला उशीर झाला म्हणून कापलेली रक्कम. या सगळ्यात चलानाची ओळ सगळ्यात लहान होती.

गॅरेजात

मिस्त्रींनी मधल्या एक्सलचे दोन्ही बाजूंचे सेट बदलले. मालकांना एकाच बाजूचा बदलायचा होता. एका अंगाला नवा ताठ सेट आणि दुसऱ्या अंगाला दबलेला जुना सेट ठेवला तर गाडी परत एका बाजूला बसते आणि नव्या सेटवर जास्त वजन येतं. यू-बोल्टही नवे घातले. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा तसा आवळ धरत नाही. बाहेरून चांगला दिसतो म्हणून तोच परत लावणं ही दुसरी सर्रास चूक. यू-बोल्ट सैल राहिला की पाटे आपसात सरकतात, सगळा कापणारा ताण सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि मग एक्सलच सुटतो.

एक्सलचं माप किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर पुलरला जोडणाऱ्या खिळीपासून, घेतलं. किंगपिनच्या मध्यापासून पहिल्या एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत, दोन्ही अंतरांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू दिला नाही. मग पहिल्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा. फरक निघाला तो ॲडजस्ट होणाऱ्या टॉर्क रॉडवर काढला. हे काम दोरी आणि टेपने होतं, फार मोठं यंत्र लागत नाही, पण दोन माणसं आणि सपाट जमीन लागते. आपल्याकडे बहुतेक वेळा पाटा बदलला की गाडी हाणली जाते, आणि पुढे दोन महिन्यांत टायर खाल्लं की टायरवाल्याला शिव्या.

नट आवळायला पान्यावर पाइप चढवून दोघांनी लटकण्याऐवजी टॉर्क रेंच वापरला, आणि शेवटचा आवळ चाकं जमिनीवर टेकून वजन पाट्यांवर आल्यावर दिला. मिस्त्रींनी प्रत्येक नटावर आणि बोल्टवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पहिली भरलेली फेरी झाल्यावर गाडी परत आवळायला आणा असंही बजावून सांगितलं. ती फेरी झाल्यावर दोन नटांवरची रेघ खरंच सरकलेली निघाली.

आवाजातला निरोप

भांडण पेटलं ते हिशोबाच्या दिवशी. मालक म्हणाले, मामांनी सांगायला हवं होतं. मामा म्हणाले, सांगितलं होतं. आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. आठवडाभर आधीचा, इलकलच्या बाजूच्या एका ढाब्यावरून पाठवलेला आवाजातला निरोप होता. “मालक, गाडी डाव्या अंगाला बसायलीय. मधलं टायर आतून खायलंय. बघून घ्या एकदा.” खाली मालकांचं उत्तर, ‘ही फेरी करू, मग बघू.’

इथे मालकांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत. हप्ता दर महिन्याला जातो, भाडं महिना-दीड महिन्याने येतं. गाडी उभी ठेवली तर लोडिंगचा नंबर जातो आणि पुढचं लोडिंग कधी मिळेल ते सांगता येत नाही. असं असलं तरी त्यांचा निर्णय चुकीचा होता आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. गाडी एका अंगाला बसणं आणि टायर आतून खाणं ही दोन लक्षणं एकत्र आली की सस्पेन्शन उघडून बघायचंच. त्याला पुढची फेरी हे उत्तर होत नाही.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो दुसरा प्रश्न. मामांना एवढं दिसत होतं, तर त्यांनी गाडी उभी का केली नाही? त्यांनीच उत्तर दिलं. त्यांचा पगार थोडा, बाकी सगळं फेरीच्या भत्त्यावर. गाडी चार दिवस गॅरेजात उभी राहिली की चार दिवसांचा भत्ता गेला. “मी सांगायचं काम केलं, पोट माझं बी हाय,” एवढंच ते म्हणाले. गाडीत काही बिघडलंय हे सगळ्यात आधी ज्याला कळतं, त्याच्याच खिशाला गाडी थांबवल्याचा फटका बसतो. ही व्यवस्था तशीच ठेवली तर दर वेळी निरोप जाईल आणि गाडी चालूच राहील.

अमेरिकेत ड्रायव्हरला दोष आढळला तर दिवसाचं काम संपल्यावर तो लेखी कळवावाच लागतो, आणि सुरक्षेशी संबंध असलेला दोष दुरुस्त केला किंवा दुरुस्तीची गरज नव्हती असं मालकाच्या बाजूने सहीनिशी लिहिल्याशिवाय गाडी पुन्हा बाहेर काढता येत नाही. तो कागद तीन महिने जपून ठेवावा लागतो. तिथल्या रस्त्यावरच्या तपासणीत, कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्सच्या निकषांप्रमाणे, मेन पाटा तुटलेला सापडला किंवा एका सेटमधले पाव हिस्सा पाटे तुटलेले निघाले की गाडी तिथेच थांबते. म्हणजे आमची गाडी तिथेही पुढे गेली नसती. फरक एवढाच की तिथे मामांचा तो निरोप सहीचा कागद झाला असता आणि ‘ही फेरी करू’ असं सहज लिहिता आलं नसतं.

आपल्याकडे असा कागद बंधनकारक नाही, पण ठेवायला बंदीही नाही. मी मालकांपुढे दोन प्रती निघणारी वही ठेवली. ड्रायव्हरने दोष लिहायचा, तारीख आणि किलोमीटर टाकायचा, फोटो जोडायचा. मालकाने खाली लिहायचं की काय केलं आणि कधी. मालकांना पटेना. त्यांचा मुद्दा बिनतोड होता, उद्या अपघात झाला तर हीच वही कोर्टात माझ्याविरुद्ध जाईल, दोष मला माहीत होता हे माझ्याच अक्षरात सापडेल.

मी म्हणालो, ते तर आत्ताही सापडतंय, आवाजात. आणि आवाज पुसला तरी चिरेतला गंज पुसता येत नाही. वही ठेवून दुरुस्ती केली नाही तर ती तुमच्याविरुद्ध जाईल, यात शंका नाही. पण वही ठेवून दुरुस्ती केली, तर साधारण काळजी घेतल्याचा तुमच्याकडचा तो एकमेव पुरावा असेल. आज तुमच्याकडे तसा एकही कागद नाही. मिस्त्रींच्या कामाचं पक्कं बिलसुद्धा तुम्ही कधी मागत नाही.

दोन दिवसांनी त्यांचा होकार आला. वही गाडीत गेली. तीन गोष्टींवर ड्रायव्हरने स्वतः गाडी थांबवायची असं ठरलं: पाटा किंवा यू-बोल्ट तुटलेला, टॉर्क रॉड किंवा हँगर सुटलेला, आणि ब्रेकची हवा गळणारी. थांबवल्यावर मालकाला फोन करायचा, परवानगी मागायची नाही. आणि ज्याच्यावर माझा सगळा भर होता ते असं की, अशा दोषामुळे गाडी उभी राहिली तर त्या दिवसांचा भत्ता निम्मा का होईना, पण मिळणार. मालकांच्या हिशोबात तो खर्च हायड्राच्या एका फेरीपेक्षा कमी बसला, तेव्हा ते तयार झाले.

वेल्डिंग मारणाऱ्या गॅरेजकडून काही वसूल झालं नाही. बिल नव्हतं, नोंद नव्हती, त्यांनी हात वर केले. ट्रेलर दुरुस्त करून दाखवला, दोषाची नोंद मिटली आणि गाडी पुन्हा त्याच वाटेवर लागली. वहीत पहिल्या महिन्यात दोन चिठ्ठ्या आल्या. एक सैल यू-बोल्टची, दुसरी आतून घासलेल्या टायरची. यू-बोल्टचा भत्ता मालकांनी दिला. टायरचा दिला नाही, कारण ठरलेल्या तीन गोष्टींत टायर नव्हतं. मामांचं म्हणणं आहे की ते घालावं, आणि माझंही तेच मत आहे. मालक म्हणतात, टायर घातलं तर गाडी निम्मा महिना उभीच राहील. दिवाळीचा हिशोब होईल तेव्हा यावर पुन्हा बसायचं ठरलंय.